ऑर्लिन कुणाला विचारत नाही

ऑर्लिन स्कार आणि मी सव्वीस वर्षं जोडीनं पंचगिरी केली. शाळाशाळांच्या बेसबॉल मॅचेस, उन्हाळ्यात गावागावांच्या. तो प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशी, मी लांब बेसवर. मान त्याला, धूळ मला.

या सव्वीस वर्षांत त्यानं माझ्याकडे एकदाही हात केला नाही. आता हात करणं म्हणजे काय, ते सांगतो. फलंदाज बॅट फिरवायला घेतो आणि मध्येच आवरतो. ती अर्ध्यावर थांबली की पुढे गेली, हे प्लेटमागच्या पंचाला नीट दिसत नाही, कारण बॉल झेलणारा कॅचर आणि फलंदाज दोघंही त्याच्या डोळ्यांसमोर असतात. बाजूला उभ्या असलेल्या बेसवरच्या पंचाला मात्र लख्ख दिसतं. मग प्लेटमागचा त्याच्याकडे हात करतो, म्हणजे विचारतो. बेसवरच्यानं मूठ वर केली की बॅट फिरली, स्ट्राइक; असे तीन झाले की फलंदाज बाद. दोन्ही हात आडवे पसरले की नाही फिरली, आणि बाहेरचा असेल तर तो नुसता 'बॉल'; असे चार झाले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो. उजव्या हाताचा फलंदाज असेल तर पहिल्या बेसवरचा बघतो, डावखुरा असेल तर तिसऱ्या. बस्स, एवढंच. यात कमीपणा कसला?

पण ऑर्लिनला तो वाटायचा. दर वेळी बॅट अर्ध्यावर थांबली की मी तयार असायचो आणि दर वेळी तो स्वतःच निर्णय देऊन मोकळा व्हायचा. मी खिशात हात घालून उभा राहिलो असतो तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

त्याची नोकरीही तशीच होती. गावातल्या धान्याच्या सोसायटीत ट्रकच्या वजनकाट्यावर त्यानं चौतीस वर्षं काढली. काट्याच्या खिडकीतून तो जो आकडा सांगायचा तो शेवटचा. कुणी कुरकुर केली तर म्हणायचा, "दुसरीकडे मोजून आण." लोक तीस मैलांवर जाऊन मोजून आणायचे आणि आकडा तोच निघायचा. अशा माणसाला आपण चुकू शकतो हे कळणार तरी कुठून? त्याची बायको आर्डिस एकदा मला म्हणाली होती, "लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली मर्ल, पण या माणसानं मला कधी रस्तासुद्धा विचारला नाही. चुकला तरी तोच रस्ता बरोबर म्हणतो."

त्यांचा मुलगा नेल्स. बापाचं बघून तोही पंच झाला. एकवीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. जिल्ह्याची अंतिम मॅच आमच्याच मैदानावर होती आणि त्या दिवशी आम्ही तीन पंच होतो. ऑर्लिन प्लेटमागे, मी पहिल्या बेसवर, नेल्स तिसऱ्या. शेवटची इनिंग, धावा बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. पाहुण्या संघाचा डावखुरा फलंदाज. बॉल बाहेर पडला, त्यानं बॅट उचलली, आणि आवरली. की नाही आवरली? आमच्या गावचा कॅचर उडी मारून तिसऱ्या बेसकडे बोट दाखवत ओरडला, "विचारा ना! त्यांना विचारा!"

ऑर्लिननं विचारलं नाही. "बॉल," म्हणाला. फलंदाज चालत पहिल्या बेसवर गेला, त्यामुळे सगळे एकेक बेस पुढे सरकले, तिसऱ्या बेसवरचा चालत प्लेटवर आला म्हणजे धाव झाली, आमच्या उरलेल्या पाळीत एकही धाव निघाली नाही, आणि आमच्या गावचा मोसम तिथेच संपला.

नंतर गाड्या लावतात तिथे नेल्स बापासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त हात करायचा होता."

"मी कुणाला विचारत नाही," ऑर्लिन म्हणाला. "आणि तुला तर नाहीच."

मी चार पावलांवर बुटांची माती झाडत होतो. पहिलं वाक्य आम्हाला सगळ्यांना पाठ होतं, पण दुसरं नवीन होतं आणि घाव त्यानं घातला. त्याच हिवाळ्यात नेल्स फ्लोरिडाला पंचांच्या शाळेत गेला, तिथून व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या लीगमध्ये लागला, आणि बसमधून गावोगाव हिंडत एकेक पायरी वर चढत राहिला. दर रविवारी घरी फोन करायचा. ऑर्लिननं उचलला तर नेल्स म्हणायचा, "आईला द्या." ऑर्लिन म्हणायचा, "देतो." नऊ वर्षं बापलेकांत एवढंच बोलणं होत होतं. तो डावखुरा बाद होता की नव्हता, हे नेल्सनं कधी सांगितलं नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आता केबलचं.

यंदा मार्चमध्ये मी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो. ऑर्लिननं टेबलावर एक छापील कागद ठेवला आणि म्हणाला, "केबल काढायची. इंटरनेटवरून मॅचेस घ्यायच्या."

"का रे बाबा?" आर्डिस म्हणाली. "केबलवर काय कमी दिसतंय?"

"जवळचे सहाच संघ दिसतात. मला लांबचे बघायचेत."

"लांबचे म्हणजे कुठले?" मी विचारलं.

"सगळे."

मला हसू आलं. या माणसाचा जन्मात कधी कुठला संघ नव्हता. पंचानं कुणाची टोपी घालायची नसते म्हणून तो साधी शेतकऱ्याची टोपीसुद्धा तिच्यावरचं कंपनीचं नाव उसवून घालायचा. "तुला सिअॅटलचं काय पडलंय? मायामीत तुझं कोण आहे?" मी म्हणालो. आर्डिस ओट्याशी पाठमोरी उभी होती, ती कप विसळत राहिली.

मी कागद हातात घेतला आणि खालची बारीक अक्षरं वाचली. आमच्या आयोवात वरच्या लीगचा एकही संघ नाही. पण आजूबाजूच्या राज्यांतले सहा संघ आम्हाला आपलंच घर समजतात, आणि घरातल्यांनी घरची मॅच केबलवरच बघावी असा नियम आहे. इंटरनेटवर ते सहाही बंद. मिनिआपोलिस, मिलवॉकी, शिकागोचे दोन, कॅन्सस सिटी आणि सेंट लुईस.

"ऑर्लिन, हे सहा तुला दिसणार नाहीत. त्यांच्याशी जो खेळेल तोही त्या दिवशी दिसणार नाही."

"सेंट लुईस इथून सहा तासांवर आहे," तो म्हणाला. "तो आपला घरचा संघ? असं कुठलं शहाणं माणूस म्हणेल? ते तिथल्या लोकांसाठी लिहिलंय."

"इथे आपला पिनकोड छापलाय."

"मर्ल, निर्णय झालाय." आणि त्यानं हात असा आडवा फिरवला की जणू कुणी प्लेटवर घसरत आलंय आणि तो त्याला नाबाद देतोय. त्याच दुपारी तो केबलचा डबा कचेरीत नेऊन देऊन आला.

एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात सहा संघांच्या जागी काळा पडदा आला. मी बघायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. "सांगितलं नव्हतं?" मी म्हणालो. "आता गुपचूप केबलही परत घे. दोन्ही ठेव."

"चोवीस दिसतात. सहासाठी मी रडत नाही."

"अरे, चुकलं म्हणायला काय जातं तुझं?"

"मी निर्णय दिलाय."

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षांचं साठलेलं होतं, दुसरं काय. "ठीक आहे," मी म्हणालो, "मग एखाद्या दिवशी त्या सहातलं काही बघावंसं वाटलं तर माझ्या दारात येऊ नकोस."

"येणार नाही," ऑर्लिन म्हणाला.

माझं घर त्याच्या घरासमोर आहे. मध्ये रस्ता आणि दोन हिरवळी. माझ्याकडे केबल होती आणि आहे.

मे महिन्यात आर्डिसनं मला सांगितलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "तो मॅच बघतच नाही, मर्ल," ती म्हणाली. "सुरुवातीला चार पंचांची नावं पडद्यावर येतात ना, तेवढी वाचतो आणि पुढची मॅच लावतो. सगळ्या मॅचेसची नावं वाचून झाली की टीव्ही बंद करून झोपतो."

वरच्या लीगमधला पंच आजारी पडला, दुखावला, की खालच्या लीगमधून कुणाला तरी बदली बोलावतात. कुठल्या शहरात, ते आधी कुणालाच माहीत नसतं. सिअॅटल म्हणा, मायामी म्हणा. ऑर्लिननं देशभरचे संघ एका माणसासाठी घेतले होते. हे तो मेला तरी बोलला नसता, आणि मी मात्र त्याला दार बंद करून बसलो होतो.

जूनमधला गुरुवार. सकाळी आठ-सव्वाआठला मी अंडी तळत होतो आणि फोन वाजला.

"मर्लकाका, मी नेल्स. आईचा फोन बंद आहे आणि घरच्या फोनवर बाबा येतील."

"आई चर्चमध्ये आहे, गोधड्या शिवायला. काय झालं?"

"काल बोलावणं आलं." त्याला धाप लागली होती. "आज सव्वाबाराची मॅच. तिसऱ्या बेसवर."

मी गॅस बंद केला. "वरच्या लीगमध्ये?"

"हो. फक्त आजच्यापुरतं. ज्याच्या जागी आलोय तो उद्या परत येतोय. पुन्हा बोलावतील की नाही, काही खरं नाही. कित्येकांना एकच दिवस मिळतो." मग थोडं थांबून म्हणाला, "आईला सांगा. बाबांचं... ते तुम्हीच ठरवा."

"अरे, पण आहेस कुठे तू?"

"सेंट लुईसला."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नेल्सला वाटलं मी आनंदानं बोललो.

चर्चच्या तळघरात बायका लांब टेबलाभोवती बसल्या होत्या. मी आर्डिसला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं सुई कापडात खोचून ठेवली, माझी बाही धरली आणि तिचे डोळे भरून आले. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "सेंट लुईस म्हणालास?"

"हो."

"अरे देवा. चोवीस सोडून तिथेच?"

ऑर्लिन परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. मी सांगितलं. तो उठला नाही, गाठ पूर्ण मारली, मग हात पँटला पुसले.

"किती वाजता?"

"सव्वाबारा."

"कुठे?"

मी सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा इतका उघडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मग तो घरात गेला, टीव्ही लावला आणि मॅचेसच्या यादीत सेंट लुईसवर थांबला. तुमच्या भागात ही मॅच उपलब्ध नाही. त्यानं टीव्ही बंद करून पुन्हा लावला. तेच. तार काढून घातली. तेच. साडेनऊ वाजले होते.

त्यानं केबलच्या कचेरीत फोन केला. पलीकडची बाई गोड बोलत होती. माणूस सोमवारी येईल, त्याआधी एकही मोकळा नाही. ऑर्लिननं "आभारी आहे" म्हणून फोन अगदी हळू खाली ठेवला. त्यानं आदळला असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझ्या बहिणीचा ट्युसनचा पत्ता टाक की त्यात," आर्डिस म्हणाली. "शेजारची पोरं असंच करतात. त्याला वाटेल आपण ॲरिझोनात आहोत."

"खोटा पत्ता देणार नाही."

"एका दिवसापुरता रे!"

"तो तिथे खरं काय ते सांगायला उभा आहे," ऑर्लिन म्हणाला, "आणि मी इथे खोटं बोलून त्याला बघू?"

आर्डिसनं कपाळावर हात मारला. "मग मर्लकडे चल! समोर तर आहे."

ऑर्लिननं माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं "चल" म्हणायचं होतं. एक शब्द. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता आणि मी तो गिळला, हे मी कबूल करतो. मला वाटलं, एकदा तरी विचारू दे. सव्वीस वर्षांत एकदा. मी उभा राहिलो, जसा पहिल्या बेसवर उभा राहायचो तसा.

"मी रेडिओवर ऐकतो," ऑर्लिन म्हणाला आणि बाहेर गेला.

बारा वाजता आर्डिस माझ्याकडे आली. हातात रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा होता, तो तिनं उघडलाच नाही. सेंट लुईसचं रेडिओ केंद्र आमच्या गावात घरात लागत नाही, फक्त गाडीत लागतं. त्यामुळे ऑर्लिन आपल्या अंगणात ट्रकमध्ये बसला होता, काचा खाली करून. माझ्या खिडकीतून त्याचं पांढरं डोकं दिसत होतं आणि ट्रकचं तोंड माझ्याच घराकडे होतं.

पडद्यावर चार नावं आली. चौथं नाव नेल्स स्कार. आर्डिसनं तोंडावर हात दाबला. कॅमेऱ्यानं त्याला दोन-तीन सेकंद दाखवलं. निळी टोपी, पाठ ताठ, हात मागे.

"बापासारखा उभा राहतोय," ती म्हणाली.

मग इनिंगमागून इनिंग जाऊ लागल्या आणि तिसऱ्या बेसवर काही घडेना. पंचाचं हे असंच असतं. तो दिसला नाही म्हणजे ठीक चाललंय. पडद्याच्या डाव्या कडेला मधूनच एक निळा खांदा यायचा आणि आर्डिस पुढे सरकून बसायची. चौथ्या इनिंगमध्ये एक फटका रेषेला घासून गेला. नेल्सनं धावत जाऊन आत बोट दाखवलं, म्हणजे फटका वैध, गडबड न करता. पहिल्या दिवशीची एक चूक माणसाच्या नावाला चिकटते ती कायमची.

"रेडिओवर तिसऱ्या बेसच्या पंचाचं कोण काय सांगणार?" आर्डिस म्हणाली. "त्याला तिथे नुसता धावांचा आकडा ऐकू येतोय."

मी खिडकीबाहेर पाहिलं. ऑर्लिन हललाही नव्हता.

"तू का बोलावत नाहीस त्याला?"

"त्यानं विचारलं तर नाही म्हणेन का मी?"

"त्याला दार बंद कुणी केलं?" ती माझ्याकडे वळली. "तू केलंस. एप्रिलमध्ये. घरी येऊन सांगितलं त्यानं मला, मर्लनं येऊ नको म्हटलंय. एक जण विचारणार नाही आणि एक जण बोलावणार नाही. माझं पोर आज एकदाच दिसणार आहे आणि तुम्ही दोघं म्हातारे मान मोजत बसलाय. लाज नाही वाटत?"

वाटली. फार वाटली. सातवी इनिंग संपत होती, धावा तीन-तीन. मी उठलो, टीव्हीचा आवाज वाढवला आणि जाळीचं दार पूर्ण उघडून पायरीवर जाऊन उभा राहिलो. बोलावलं नाही, तरीही दार मात्र हातानं धरून ठेवलं.

ट्रकमधला रेडिओ बंद झाला. ऑर्लिन उतरला, रस्ता ओलांडला, माझ्या हिरवळीवरून चालत आला आणि खालच्या पायरीशी थांबला. टोपी काढून हातात घेतली.

"मर्ल."

"काय?"

"तुझ्याकडे दिसतंय ना?"

"स्वच्छ दिसतंय."

घशात हाड अडकलंय की काय असं वाटावं इतका वेळ गेला. मग तो म्हणाला, "बघू का?"

दोनच शब्द, पण मला ते पुरले. "ये," मी म्हणालो. तो खाली वाकून बूट काढायला लागला. "राहू दे रे बूट! आठवी सुरू झाली."

तो बसला नाही. टीव्हीच्या डाव्या कडेपाशी जाऊन उभा राहिला, जिथून तिसरा बेस दिसायची शक्यता होती. आर्डिसनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली, ती तशीच राहिली.

आठव्या इनिंगमध्ये दोघं बाद आणि पाहुण्या संघाचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर, नेल्सपासून सात-आठ फुटांवर. फलंदाज डावखुरा. ते बघताच मी ऑर्लिनकडे पाहिलं आणि आर्डिसनंही पाहिलं. तीन बॉल, दोन स्ट्राइक. समालोचक म्हणाला की प्लेटमागच्या पंचाला वरच्या लीगमध्ये पंचवीस वर्षं झाली आहेत. बॉल टाकणाऱ्या पिचरनं मान हलवली, पाय उचलला, बॉल खाली बाहेर पडला, बॅट निघाली, आणि थांबली.

की नाही थांबली?

कॅचर उडी मारून तिसऱ्या बेसकडे बोट दाखवत होता. आणि त्या पंचवीस वर्षांच्या पंचानं क्षणभरही वाट न बघता डावा हात लांब केला. थेट नेल्सकडे.

पडदा बदलला. पहिल्यांदाच संपूर्ण पडद्यावर नेल्स एकटा. पंचेचाळीस हजार माणसं आणि त्यातला प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता.

नेल्सनं मूठ वर केली.

मैदान गरजलं. फलंदाजानं हेल्मेट जमिनीवर आपटलं आणि तिसऱ्या बेसकडे दोन पावलं टाकत तोंड वाजवायला लागला. नेल्सनं मूठ खाली घेतली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. मग तोच क्षण पुन्हा दाखवला, बाजूनं, संथ. बॅट पुढे गेली होती. स्पष्ट गेली होती. समालोचक म्हणाला, "अगदी बरोबर." आर्डिस रडत टाळ्या वाजवत होती आणि मीही डोळे पुसले, सांगायला लाज कसली.

ऑर्लिन मात्र पडद्याकडे बघत पुटपुटत होता. "विचारलं," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांचा माणूस. पटकन विचारलं त्यानं. पहिल्या दिवसाच्या पोराला."

नवव्या इनिंगमध्ये यजमानांनी धाव काढली आणि मॅच संपली. चारही पंच एका रांगेत धावत मैदानाबाहेर गेले, नेल्स शेवटचा. तो दिसेनासा झाल्यावर ऑर्लिन खुर्चीत बसला. बराच वेळ टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. मग त्यानं मान वर केली, आणि उजवा हात लांब करून माझ्याकडे केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी," तो म्हणाला. "आपल्या मैदानावर. बॅट फिरली होती का?"

उत्तर द्यायला मी किती वर्षं थांबलो होतो. आणि नेमकं तेच उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"तो डावखुरा होता, ऑर्लिन. माझी बाजू नव्हती. ज्याची होती त्याला विचार."

आर्डिसनं डबा उघडून वड्या बशीत काढल्या, पण कुणी हात लावला नाही. घड्याळात पावणेचार होत होते तेव्हा माझा फोन वाजला. नेल्स. मी फोन कानाला न लावता ऑर्लिनपुढे धरला.

त्यानं तो घेतला. स्वयंपाकघरात गेला, आम्ही मागून दारापर्यंत गेलो. "हॅलो," तो म्हणाला. पलीकडून नेल्सचा आवाज मलाही ऐकू आला. नऊ वर्षांची सवय. "आईला द्या."

"देतो," ऑर्लिन म्हणाला. "आधी एक विचारायचंय."

त्यानं फोन डाव्या हातात घेतला.

"नऊ वर्षांपूर्वी. तो डावखुरा. तुला दिसत होतं. फिरली होती का बॅट?"

नेल्स काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. उत्तर मोठं नव्हतं. ऑर्लिन पाठमोरा उभा होता, डाव्या हातात फोन कानाशी. त्याची पाठ हळूहळू ताठ झाली, गुडघे थोडे वाकले, जसे प्लेटमागे वाकायचे. मग माझ्या स्वयंपाकघरात, तळलेल्या अंड्यांच्या गार तव्यासमोर, त्याचा उजवा हात वर गेला, बोटं मिटली आणि मूठ तशीच वर राहिली. पाहुण्या संघाचा तो डावखुरा नऊ वर्षांनी बाद झाला.